थोरल्याच्या नावावर

आमच्या घरात वाटणीचा शब्द काढायला बंदी होती. आम्ही पोरं खेळताना जरी "हे आमचं, ते तुमचं" म्हणालो, तरी आजी हातातलं सूप खाली ठेवून ओरडायची. जित्या माणसाच्या वाटण्या बोलणं म्हणजे त्याचं मरण मागणं, अशी तिची समजूत. आजा त्याहून पुढचा होता म्हणे. कुणी विषय काढलाच तर म्हणायचा, "जमीन कुटं चालली? हितंच हाय ती." आजा गेला तेव्हा मी पाच वर्षांचा होतो, त्यामुळे हे मी बाबांच्या तोंडून ऐकलेलं. पण आज्याचं म्हणणं खरं निघालं. मरोळला मिठी नदीच्या अंगाला आमचं अडीच एकराचं भाताचं खाचर होतं, ती जमीन अजून तिथंच आहे. तिच्यावर आता कारखान्यांचे गाळे आहेत, एवढंच.

आज मरोळ म्हटलं की लोकांना मेट्रोचं स्टेशन आठवतं, नाहीतर अंधेरी-कुर्ला रस्त्यावरची गर्दी. आमच्या लहानपणी ते गाव होतं. गावठाणात ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची कौलारू घरं, चौकात क्रूस, आणि कडेनं आमच्यासारख्या कुणब्या-आगऱ्यांची वस्ती. उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसाला आवणी, दिवाळीच्या आसपास कापणी. भात निघालं की त्याच ओलीवर वाल टाकायचा आणि विहिरीच्या पाण्यावर मुळा, वांगी, पालेभाजी. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ख्रिस्ती शेजाऱ्यांचा आगेरा व्हायचा. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यायचा आणि मग खायला सुरुवात करायची. आम्ही हिंदू पोरं पण मागं मागं जायचो. दसऱ्याला आम्ही दाराला भाताच्या लोंब्या बांधायचो, तेव्हा त्यांची पोरं यायची. एकच भात, एकच पाऊस. कायदे मात्र दोघांना वेगळे होते, हे फार पुढं कळलं. त्याचं सांगतोच.

गाव म्हणजे जागेला चिकटलेलं असतं असं आपण समजतो. मरोळच्या बाबतीत तेही खरं नाही. इथलं सेंट जॉन बाप्टिस्टचं मूळ देऊळ (आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो) पोर्तुगीजांच्या काळात १५७९ साली शेजारच्या कोंडिविट्याला बांधलं होतं. १८४० च्या सुमाराला तिथं साथ आली. लोकांनी गाव सोडलं, मरोळला येऊन राहिले आणि देऊळही इकडं नवं झालं. जुन्याच्या भिंती अजून उभ्या आहेत, पण त्या आता सीप्झच्या कुंपणात. वर्षातून एकदा, मे महिन्यात, तिथं मिस्सा होतो, तेव्हा जुन्या कुटुंबांना आत जाता येतं.

आता कागदाचं. साष्टी इंग्रजांनी १७७४ साली घेतली. पुढं त्यांनी इथली गावंच्या गावं मुंबईतल्या धनिकांना देऊन टाकली. पवईचं गाव अशा एका मोठ्या इस्टेटीत गेलं. १८३० साली बैरामजी जिजीभाईंना गोरेगाव, मालाडकडची सात गावं मिळाली. कसणारा तोच, वर मालक बदलला. ही इस्टेटींची महसूल माफी साष्टी इस्टेट कायद्यानं १९५२ साली संपली, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी.

मग आला कूळकायदा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी जो जमीन कसत होता, तो तिचा मालक झाला असं मानलं गेलं. आमच्या नात्यातले भिवंडीकडचे लोक त्या दिवसाचं नाव आजही देवाच्या नावासारखं घेतात. आमच्या आज्याचं अडीच एकरातलं एक एकर स्वतःचं आणि दीड एकर कुळानं. त्यालाही वाटलं, आता आपण मालक. पण मरोळ तोवर बृहन्मुंबईत गेलं होतं, आणि त्या कायद्यात कलम ४३-क आहे. मुंबई महापालिकेच्या हद्दीतल्या जमिनींना कुळानं मालक होण्याची तरतूद लागू नाही, असं त्यात लिहिलंय. खाडीच्या पलीकडचा कूळ मालक झाला, अलीकडचा कूळच राहिला. पाऊस काही हद्द बघून पडत नव्हता. आज्यानं हे कुणाकडून वाचून घेतलं नाही. त्याला वाटलं, सरकारनं दिलंय, कागद येईल सावकाश. आठ वर्षं तो कागदाची वाट बघत होता आणि १९६५ ला गेला.

गेल्यावर वारसाची नोंद करायची वेळ आली. तीन भाऊ, दोन बहिणी. तलाठ्यानं विचारलं, नावं कुणाकुणाची? आजी म्हणाली, थोरल्याचं लावा, तो घरचा कर्ता. म्हणून सात-बाऱ्यावर थोरल्या काकांचं नाव लागलं आणि पुढं तीन अक्षरं, ए.कु.मॅ. शहरातल्या वाचकांना सांगतो, याचा अर्थ एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन सगळ्यांची, पण कारभार याच्याकडं. महाराष्ट्रातल्या हजारो सात-बाऱ्यांवर ही तीन अक्षरं आहेत आणि त्यांच्यावरून कोर्टात किती दावे पडलेत त्याची गणती नाही. कायद्यानं बाकीच्यांचा हक्क जात नाही हे खरं. पण तो सिद्ध करायला वकील लागतो, वर्षं लागतात आणि सख्ख्या भावाविरुद्ध पिंजऱ्यात उभं राहायचं धैर्य लागतं. आत्यांचं नाव लावायचं तर कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. त्या लग्न होऊन गेल्या होत्या.

मरोळच्या आसपास तोवर जमिनी जाऊ लागल्या होत्या. आरे कॉलनी १९४९ साली झाली. गोरेगाव, आरे, मरोळ-मरोशी, कोंडिविटे अशा गावांची तीन हजार एकराहून जास्त जमीन तिच्यात गेली. मुंबईचे गोठे शहराबाहेर न्यायचे म्हणून. पलीकडं सहारच्या बाजूला विमानतळ पसरत होता. १९६२ साली राज्यात औद्योगिक विकास महामंडळ झालं आणि काही वर्षांतच मरोळच्या खाचरांत मोजणीवाले दिसू लागले. १९७३ साली सीप्झ आलं. म्हणजे पंचवीसएक वर्षांत चारी बाजूंनी. एवढं डोळ्यांसमोर चालू असताना आमच्या घरात संध्याकाळी बोलणं व्हायचं ते यंदा बियाणं कुठलं टाकायचं, यावर. मला त्याचा राग येत नाही. शेतकरी पुढच्या पावसाचा विचार करतो, पुढच्या पिढीचा करत नाही. ती आपोआप येते असं त्याला वाटतं.

माझी चौथी चालू असताना आमची नोटीस आली. सहा गुंठ्यांची एक पट्टी सोडून सगळं गेलं. कुळाच्या दीड एकराचे बहुतेक पैसे मालकाकडं गेले, एक एकराचे आमच्याकडं. पैसे घ्यायला तिघं भाऊ धोतर-टोपी घालून गेले. साहेबासमोर खुर्ची एक. थोरले काका आत गेले, बाबा आणि धाकटे काका बाहेर बाकावर बसले. नाव एकाचं, चेक एकाचा. त्या वेळच्या भूसंपादन कायद्यात, १८९४ च्या, अशी सोय होती की मोबदला कमी वाटला तर हरकत नोंदवून पैसे घ्यायचे, म्हणजे पुढं कोर्टात वाढ मागता येते. काकांनी सरळ सही केली. त्यांना कुणी सांगितलं नाही आणि बाहेर बसलेल्यांना तर आत काय चाललंय तेच माहीत नव्हतं.

मग वाटणी झाली, जिचं नाव काढायचं नाही ती. काकांनी हिशोब मांडला. थोरल्या आत्याच्या लग्नाचं कर्ज मी फेडलं, आज्याचं दुखणं मी काढलं, धाकट्याला चिकटवायला मी पैसे भरले. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण लिहिलेलंही काही नव्हतं. बाबांच्या हातात तिसऱ्या हिश्श्याच्या निम्मे पण आले नाहीत. मी थोरल्या काकांना लबाड म्हणणार नाही. पंचवीस वर्षं त्यांनी घर ओढलं होतं. ज्या माणसावर सगळा कारभार टाकून बाकीचे बाकावर बसतात, त्याला एक दिवस ते सगळं आपलंच वाटायला लागतं. भाऊ पुढं एकमेकांच्या घरी जेवले नाहीत. मयताला मात्र गेले.

बाबांनी एक गोष्ट शहाणपणाची केली. आपल्याकडं शेतजमीन घ्यायची तर माणूस आधी शेतकरी असावा लागतो. कूळकायद्याचं कलम ६३. जमीन सगळी गेली की शेतकरीपण पण जातं, हे बाबांना कोर्टाच्या आवारातल्या एका अर्ज लिहिणाऱ्यानं सांगितलं. सहा गुंठ्यांची पट्टी अजून होती. तिच्या सात-बाऱ्यावर नाव काकांचं, पण बाबांनी जुने फेरफार काढले, आज्याचा वारस असल्याचा दाखला मिळवला आणि १९७२ च्या दुष्काळाच्या साली वाडा तालुक्यात तीन एकर घेतलं. भाताचीच जमीन, कोलम पिकणारी. मी दहावी झालो १९७७ ला. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची एसएससी नुकती सुरू झाली होती, त्यामुळे आमच्या घरात बरीच वर्षं माझी दहावी कच्ची समजायचे. पुढं शिकलो नाही, वाड्याला गेलो आणि तेव्हापासून ती जमीन मीच कसतोय.

मरोळच्या सहा गुंठ्यांचं काय झालं तेही ऐका. १९७६ साली नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. मुंबईत एका माणसाला ५०० चौरस मीटरपर्यंत मोकळी जमीन ठेवता येणार, बाकीची सरकारजमा. आमच्या पट्टीत तेव्हा भात उभं होतं. पण शहराच्या विकास आराखड्यात ती शेतीसाठी नव्हती, आणि अशी जमीन कायद्यानं शेती धरत नाहीत. लोंब्या डुलतायत आणि कागदावर जमीन मोकळी. सहा गुंठे म्हणजे ६०७ चौरस मीटर. नाव एकाचं, म्हणून मर्यादेच्या बाहेर. तिघांची नावं असती तर प्रत्येकी दोन गुंठे, सगळे आत. पुन्हा तीच तीन अक्षरं. प्रकरण वर्षानुवर्षं लोंबकळलं. त्यात बांधताही येईना, विकताही येईना, आणि कुंपण कुणी घालायचं यावर भावांचं एकमत होईना. राज्यानं २००७ साली तो कायदा रद्द केला तेव्हा त्या पट्टीवर खोल्या होऊन त्यांना माळे पण चढले होते.

शेजारच्या ईस्ट इंडियन घराचं उलट. ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा. बाप मृत्युपत्र न करता गेला तर तिसरा हिस्सा विधवेला, उरलेला मुलांना सारखा, मुलगा-मुलगी भेद नाही. आमच्या आत्या हात हलवत सासरी गेल्या, तेव्हा कुंपणापलीकडच्या त्यांच्या मैत्रिणींना घरात हिस्सा होता. हिंदू मुलींना वडिलोपार्जित जमिनीत जन्मानं हक्क महाराष्ट्रात १९९४ ला मिळाला, तोही त्याआधी लग्न झालेल्यांना सोडून. सगळ्यांना मिळाला २००५ ला. त्यावरही वाद होते, ते सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० ला मिटवले. एका बांधाच्या अलीकडं-पलीकडं ऐंशी वर्षांचं अंतर.

पण कायदा चांगला म्हणून त्यांचं सगळं सुरळीत झालं असंही नाही. त्या घराच्या प्रॉपर्टी कार्डावर आज इतकी नावं आहेत की कार्ड पुरत नाही. कुणी कॅनडात, कुणी ऑस्ट्रेलियात, दोघांचा पत्ताच नाही. कौलं फुटलीत, पण दुरुस्तीला सही कुणाकुणाची आणायची? हक्क सगळ्यांना, ठरवायचं कुणी ते लिहिलेलं नाही.

म्हणून आजीची भीती मी अगदीच खुळी म्हणत नाही. वाटणीनं शेताचे तुकडे होतात हे तिनं पाहिलं होतं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन यांनी शंभर वर्षांपूर्वी पिंपळे सौदागर या गावाचा घरोघर जाऊन अभ्यास केला, तो १९१७ साली छापला. १७७१ साली त्या गावात सरासरी ४० एकर जमीन एका खातेदाराकडं होती. १९१५ पर्यंत ती ७ एकरावर आली. १५६ खातेदारांच्या जमिनीचे ७२९ तुकडे, त्यातले ४६३ एकराच्या आतले. दीडशे वर्षांत बाहेरच्या कुणी नव्हे, घरच्या वाटणीनंच हे केलं. त्यावर सरकारनं १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा केला. पण माणसं कमी जमीन असली म्हणून कमी पोरं जन्माला घालत नाहीत. कागदावर तुकडा नको म्हणून बांध तोंडी पडले आणि तोंडी बांधाइतका भांडणाचा बांध दुसरा नाही. त्या पिंपळे सौदागरात आता टॉवर आहेत. मरोळसारखंच.

मग काय, न वाटता ठेवायचं म्हणजे थोरल्याच्या नावावर ठेवायचं का? बरीच वर्षं मला हे दोनच रस्ते दिसत होते. तिसरा रस्ता मी पुण्याजवळच पाहिला, हडपसरला. मगरपट्टा. तिथंही शहर अंगावर आलं होतं. शेतं विकास आराखड्यात शहरासाठी दाखवली होती आणि सरकार आज घेतं का उद्या, अशी टांगती तलवार. तिथल्या सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी, बहुतेक एकाच भावकीतली, सतीश मगर यांच्या पुढाकारानं आपली चारशेहून जास्त एकर जमीन एकत्र केली आणि कंपनी काढली. ज्याची जेवढी जमीन, त्याचे तेवढे शेअर. २००० सालाच्या सुमाराला बांधकाम सुरू झालं. जमीन एक राहिली, नाव मात्र प्रत्येकाचं वेगळं. माझ्या डोक्यात शिरलं ते एवढंच. बाकी मगरपट्ट्याला नमस्कार करावा आणि घरी यावं. तिथं एक आडनाव होतं, शब्द ऐकला जाणारा माणूस होता आणि शेतीही मोठी होती. मरोळला आम्ही तीन सख्खे भाऊ एका कुंपणावर जमलो नाही. आणि शेवटी तिथंही ऊस गेला तो गेलाच.

नावाला घाबरत नव्हते असे शेतकरीही होऊन गेले. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ ला चांदवडला बायकांचं मोठं अधिवेशन घेतलं आणि त्यानंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. जित्या नवऱ्यानं आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची. ज्या गावात शंभर जणांनी केलं, त्या गावाला जोशी स्वतः जायचे. पुढं १९९२ साली सरकारनंही सात-बाऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावायचा निर्णय काढला. मी तो कागद बाबांना वाचून दाखवला. बाबा हसले, म्हणाले, "तुझ्या आयचं नाव नाय लावलं म्हणून ती काय पाहुणी हाय?" आई चुलीपाशी होती, काही बोलली नाही. पंचवीसएक वर्षं तिनं वाड्याची आवणी केली. १९९८ ला गेली. तिच्या नावाचा एक गुंठा कुठं नव्हता.

इथवर मी दुसऱ्यांचं सांगितलं. आता माझं.

बाबा २००३ ला गेले, मृत्युपत्र न करता. थोरल्या भावानं एवढं पोळून सुद्धा त्यांनी काही लिहून ठेवलं नाही. वारस आम्ही दोघं, मी आणि माझी धाकटी बहीण. तीन एकर म्हणजे १२० गुंठे, हिशोबानं साठ तिचे, साठ माझे. बाबांचं वर्षश्राद्ध झालं आणि मी हक्कसोडपत्र तयार करून घेतलं. बहीण भांडुपला दिलेली, मेहुण्यांची कारखान्यात नोकरी. ती दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात आली, दाखवलं तिथं सही केली, अंगठा दिला. बाहेर आल्यावर मी तिला उसाचा रस पाजला. साडी घेतली. सगळे असंच करतात. तिला माहेर तुटायला नको असतं आणि भावाला तिचं हे माहीत असतं.

त्याची किंमत कळायला वीस वर्षं गेली. दोन वर्षांपूर्वी तिचा मुलगा माझ्याकडं आला. नोकरी करून चार पैसे साठवलेले, मुरबाडकडं दहा-वीस गुंठे बघत होता. त्याला सांगितलं गेलं, शेतकरी असल्याचा पुरावा आणा. त्याचे वडील शेतकरी नव्हते. आईचा बाप शेतकरी, आजा शेतकरी, पणजा शेतकरी, पण आईचं नाव कुठल्याच सात-बाऱ्यावर नाही. "मामा, तुमच्या सात-बाऱ्यावर आईचं नाव असेल ना?" असं त्यानं सरळ विचारलं. मी त्याला फेरफार दाखवला. त्यानं वाचला, घडी घालून परत दिला आणि चहा न घेता गेला.

माझी मुलगी तिथंच बसली होती. ती नर्स आहे, पण आवणीला रजा काढून दरवर्षी येते. मुलगा भिवंडीला गोदामात सुपरवायझर, तो कापणीला येतो, म्हणजे ट्रॅक्टरचे पैसे पाठवतो. मुलीनं विचारलं, "बाबा, आत्यानं सही का केली?" मी म्हटलं, तिनं स्वखुशीनं केली, कागदात तसंच लिहिलंय. ती म्हणाली, "मग उद्या माझी पण स्वखुशीच असेल."

गेल्या मे महिन्यात मी हक्कसोडपत्राची नक्कल घेऊन भांडुपला गेलो. बहिणीला विचारलं, सही केलीस तेव्हा मनात काय होतं? ती बराच वेळ फोडणीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं तू वाचून दाखवशील."

तिला तिचं परत करायचं ठरवलं तेव्हा कायद्याची आणखी एक गंमत कळली. मुलाला, मुलीला, बायकोला शेतजमीन बक्षीस द्यायची तर आपल्याकडं मुद्रांक दोनशे रुपयांचा. बहिणीनं भावाला हक्क सोडायचा, तोही किरकोळ मुद्रांकात. पण भावानं बहिणीला परत द्यायचं तर बाजारभावाच्या तीन टक्के. मी ऑफिसातल्या बाईंना म्हटलं, द्यायला महाग आणि घ्यायला स्वस्त का? त्या म्हणाल्या, "काका, परत द्यायला कुणी येतच नाही."

मुलाचं तोंड वाकडं झालं, ते लपवण्यात अर्थ नाही. तो म्हणाला, साठ आत्याला गेले की उरले साठ, त्याचे पुन्हा तुकडे, मग पिकवायचं काय, कुंड्यांत भात लावायचं? त्याचं चुकीचं नव्हतं. आमच्याकडं जिरायतीला वीस गुंठ्यांच्या आत तुकडाच धरतात. तेव्हा मी त्याला हडपसरची गोष्ट सांगितली. नावं वेगळी करू, शेत नाही. साठ गुंठ्यांचा हिस्सा बहिणीचा. माझ्या साठातला वीसचा मुलाचा, वीसचा मुलीचा, उरलेल्या वीसावर माझं आणि बायकोचं नाव, आणि आमच्या दोघांमागं त्याचं काय हे मृत्युपत्रात. हिस्से सात-बाऱ्यावर लिहायचे, पण आत बांध घालायचा नाही. विहीर एक, रस्ता एक, भात एकत्र लावायचं आणि खर्च वजा जाता हिश्श्याप्रमाणं घ्यायचं. कुणाला बाहेर पडायचं असेल तर आधी घरात विचारायचं, भाव कसा काढायचा तेही लिहायचं. पोरांच्या बक्षीसपत्रात आमच्या दोघांच्या सांभाळाची अट घातली. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानं, अट लिहिलेली असेल आणि पाळली नाही तर बक्षीस रद्द करून मिळतं. मुलाला ते लागलं. "माझ्यावर विश्वास नाय का?" म्हणाला. मी म्हटलं, आहे, म्हणूनच आज लिहितोय. रागात कुणी धड लिहीत नाही.

हे सगळं टिकेल का? मला माहीत नाही. बहिणीचा मुलगा आणि माझा मुलगा अजून एकमेकांशी मोजूनच बोलतात. पण चौघांच्या तोंडावर मी सगळा कागद वाचून दाखवला, दोनदा, आणि बायकोनं पहिल्यांदाच मधे थांबवून विचारलं, "यात माझं नाव कुठं आलं, ते परत वाचा."

आता राहिली हद्द कायम करायची मोजणी. शेजाऱ्याचा बांध गेल्या काही वर्षांत थोडा अलीकडं सरकलाय. भात निघाल्यावरची तारीख मिळाली आहे. बहिणीला फोन केला तर म्हणाली, मी येते, साखळीचं एक टोक धरायला माणूस लागेल. लहानपणी बाबांबरोबर तिनं ती धरली होती. मी सांगितलं, अगं आता साखळी नसते, यंत्र लावतात, उपग्रहावरून मोजतात.

"मग मी नुसती उभी राहीन," ती म्हणाली.